खिडकीकडची बाजू

घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. ज्याच्यामुळे तो धाकटा ठरला, तो दादा लहानपणीच गेला होता. पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय थोडंच. त्या दुपारी धाकटा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून स्वतःच्याच घराचं मॉडेल करत बसला होता. आर्किटेक्टच्या ऑफिसात जगाची घरं उभी करतोस आणि आपल्या घराला मात्र मुहूर्त सापडत नाही, असं बायको येताजाता ऐकवायची. ती आज कामावर गेली होती. लेक चिमणी मागच्या खोलीत झोपली होती. तिला आता स्वतःची खोली हवी होती, आणि ती मागचीच द्यायची असं ठरलं होतं.

काम तसं सोपं. आधी भिंती उभ्या करायच्या, मग मधे कुठेही क्लिक करायचं. सॉफ्टवेअर आपणहून हद्द शोधतं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत निळा रंग भरतं. म्हणजे झाली खोली. जिथे भिंत नाही पण दोन खोल्या वेगळ्या दाखवायच्या आहेत, तिथे नुसती एक रेघ ओढायची. ती रेघ पडद्यावरच असते, घरात दिसत नाही. स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली. मागच्या खोलीत त्याने क्लिक केलं आणि रंग अर्ध्यातच थांबला.

थांबला तोही तिरका. दार अलीकडे, खिडकी पलीकडे. मधे एक रेघ होती. आपल्याच हातून चुकून ओढली गेली असेल म्हणून त्याने ती पुसली आणि पुन्हा क्लिक केलं. रंग पुन्हा तिथेच अडला. रेघ जागच्या जागी होती.

मग मात्र त्याच्या अंगावर काटा आला. ती तिरकी रेघ त्याच्या ओळखीची होती. त्या खोलीत दोघे भाऊ झोपायचे, आणि एका भांडणानंतर दादाने खडूने फरशीवर अशीच रेघ मारली होती. खिडकी दादाची, दार धाकट्याचं. खिडकीतून बघायचं तर याने विचारायचं, बाहेर जायचं तर त्याने. "येऊ का?" म्हणायचं, आणि समोरून "ये" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दादा असा हट्टी, की तहान लागली तरी विचारल्याशिवाय रेघ ओलांडायचा नाही. पुढे एका तापात तो गेला, तो त्याच खिडकीखालच्या खाटेवर.

आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. धाकट्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, दादाची रेघ आठवते का. आईचे हात थांबले. खडू केव्हाच गेला, ती म्हणाली; पण झाडताना आपण अजून तिथे थांबतो, विचारतो आणि मगच पलीकडे जातो.

"आणि उत्तर येतं?"

"आल्याशिवाय मी जाईन का..." आईने भाजीवरची नजर वर केली नाही. "तू ती पुसू नकोस रे. रेघ आहे म्हणून तो त्याच्या बाजूला आहे."

धाकट्याला आईची कीव आली. पण त्याच खिडकीखाली, त्याच बाजूला, चिमणी झोपली होती. त्याने मन घट्ट केलं, रेघ निवडली आणि पुसली.

या वेळी रंग अडला नाही. तो खोलीभर पसरला आणि भिंतीपाशीही थांबला नाही. बोळ, त्याची आणि बायकोची खोली, स्वयंपाकघर, सगळं एकेक करून निळं होत गेलं. तो बसला होता तो कोपराही. घरात ओल्या खडूचा वास सुटला. त्याच्या मानेवर कुणाचा तरी गरम, तापातला श्वास लागला.

घाईघाईने त्याने स्वतःच रेघ ओढली, खिडकी आणि दार यांच्या मधून, तशीच तिरकी. रंग मागे सरकला. वास गेला. त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण चिमणीला पलीकडे ठेवून रेघ ओढली आहे.

तो धावला. चिमणी उठली होती. खोलीच्या मधोमध, मोकळ्या फरशीवर, जुन्या रेघेच्या जागी पावलं जुळवून उभी होती. तिला ती जागा कुणी दाखवली नव्हती. त्याने रेघेपलीकडे पाय टाकायला पाहिलं, पण पाय उचलेना. चिमणीने मागे वळून रिकाम्या खाटेकडे पाहिलं, काही ऐकल्यासारखी मान हलवली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आम्ही येऊ का?"

नाही म्हणावं तर लेक तिथेच राहणार होती. हो म्हणावं तर... एकीला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोय त्या नियमात नव्हती. आई कधी पाठीशी येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही. इतकी वर्षं तीच विचारत आली होती. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आई, थांब..."

"या," आई म्हणाली. "या दोघं."

चिमणी धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. त्याने तिला उचलून घट्ट धरलं. आईचा हात मात्र खालीच, स्वतःच्या छातीच्या उंचीला, रिकाम्या हवेतून हळूहळू फिरत होता. मधेच तिची बोटं अडकली, आणि केसांतला गुंता सोडवावा तशी ती अलगद सोडवू लागली.