तेरावी बांगडी

मथुरानं इस्पितळाची पिशवी भरली ती बाजाराला निघाल्यासारखी. दोन जुन्या साड्या, टॉवेल, स्टीलचा पेला, रिपोर्टांची जाडजूड फाइल आणि सगळ्यात वर आधार कार्डाची झेरॉक्स. अठरा वर्षं तोंडवलीहून कुडाळच्या आठवडी बाजारात मासे विकणारी बाई ती. एसटीत पाटी कुठं ठेवायची आणि कंडक्टरला काय बोलायचं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. या खेपेला पाटी नव्हती, एवढाच काय तो फरक.

गर्भाशयात गाठ होती. नारळाएवढी, असं डॉक्टर म्हणाले, आणि मथुरा म्हणाली, "सोललेलो काय असोलो?" डॉक्टर हसले, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. अंगावरून जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडली होती. तारीख तीनदा पुढे गेली. एकदा चतुर्थी आली, एकदा लेकीची परीक्षा, आणि तिसऱ्यांदा रक्त इतकं कमी भरलं की डॉक्टरांनीच नको म्हटलं. मग दोन बाटल्या रक्त आणि इंजेक्शनं घेऊन हिमोग्लोबिन मोठ्या कष्टानं दहावर आलं. ते तिथं किती दिवस टिकेल, याची हमी कोणी देत नव्हतं.

ऑपरेशन कुडाळच्या इस्पितळात शुक्रवारी सकाळचं ठरलं. नवरा गंगाराम मालवणच्या एका ट्रॉलरवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. सोमवारी समुद्रात गेला, गुरुवारी रात्री परतणार. जाताना तो घुटमळला तेव्हा मथुरानंच त्याला हाकललं होतं. "तुमी हंय बसान काय करतल्यात? डॉक्टर माजां पोट फाडतलो तेव्हा सुई-दोरो धरतल्यात?"

मंगळसूत्र, कुडी, जोडवी तिनं बुधवारी रात्रीच रुमालात बांधून लेकीकडे, विनीताकडे दिली. राहिला तो हातातला हिरवा चुडा. उजव्या हातात सहा, डाव्यात सात. त्यांच्या घराण्यात एक रीत होती, आणि बाकी कशाला न जुमानणारी मथुरा त्या एका रितीला मान देई. नवरा दर्यात असेपर्यंत बायकोनं चुडा उतरवायचा नाही. उतरवायचीच वेळ आली, तर तो भुईला टेकवायचा नाही. दुसऱ्या सवाष्णीच्या हातात चढवायचा आणि नवऱ्याचा पाय किनाऱ्याला लागला की परत घ्यायचा. गुरुवारी रात्री गंगाराम येईल, शुक्रवारी पहाटे बांगड्या उतरवू, असा तिचा सरळ हिशोब होता.

गुरुवारी अकरा वाजता सिस्टर वेनेसा वॉर्डात आली आणि तो हिशोब मोडला.

"मथुराबाई, ऑपरेशन उद्या नाही, आज. दोन वाजता. ऑपरेशनचे डॉक्टर कोल्हापूरहून येतात, त्यांना उद्या निघता येणार नाही. सकाळपासून काय खाल्लंत?"

"काळो च्याय, सहाक. आज मार्गशीर्षातलो गुरवार मां. उपास आसा."

वेनेसाच्या गळ्यात क्रूस होता, पण जन्म मालवणातला. ती हसून म्हणाली, "बरां झालां. लक्ष्मीन तुमची तयारी करून ठेवल्यान. आता ती कांकणां तेवढी काढा. काच अंगावर चलणा नाय."

विनीताचा चेहरा उतरला. तिनं बापाला फोन लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. समुद्रात असला की तो नेहमीच तसा असतो, पण आज ते वाक्य ऐकताना तिला रडू आलं. "आये, फुडची तारीख घेवया? बाबा रात्री येतलेच."

"पुढची तारीख महिन्यानं," वेनेसा म्हणाली.

मथुरानं पोटावर हात ठेवला. महिना. महिनाभरात ते रक्त पुन्हा वाहून जाणार, पुन्हा बाटल्या, पुन्हा घेरी येऊन पाटीवर पडणं. "नाय," ती म्हणाली. "आजच. विनीता, भाजीगल्लीत आपली काशीबाय बसता. तिका घेवन ये. सवाष्ण आसा, आणि तिचो घोव किराणाच्या दुकानात बसता, दर्यात नाय. धाव."

लेक धावली. वेनेसा पुढच्या तयारीला गेली. वॉर्डात उरल्या दोघीच: मथुरा, आणि शेजारच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेल्या राधाबाई. त्या गोळीच्या गुंगीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या.

आमच्याकडे दिवेलागणीपेक्षा भर दुपारच्या बाराला माणसं जास्त भितात. त्या वेळेला सावली पायाखाली जाते आणि वाटेवर चिटपाखरू नसतं. बाराला वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. जेवणाची वेळ, त्यामुळे बाहेरच्या पॅसेजातली चपलांची फटफटही बंद झाली. इतकी शांतता झाली की सलाइनच्या स्टँडला लावलेली चिठ्ठी हलली ती मथुराला ऐकू आली. फिनेलचा वास होता, तो हळूहळू विरला. त्याच्या जागी खोबरेल तेलाचा वास आला, आणि त्याच्या मागून ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा येतो तो वास.

दारातून एक बाई आत आली. चाळिशीची असेल. फिकट निळं लुगडं, हातात करवंटी.

"चुडो उतरवचो आसा मां?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"व्हय. काशीबाय नाय इली?"

"मी इलंय मां..."

ती खाटेच्या कडेला बसली. खाट जराही दबली नाही, पण हे मथुराला नंतर आठवलं. तेव्हा तिचं लक्ष करवंटीत होतं. थंडीचे दिवस, तेल थिजून पांढरं झालेलं. बाईनं बोटानं थोडं तेल घेतलं आणि मथुराच्या मनगटावर चोळायला लागली. बोटं गार होती. चोळलं, चोळलं, पण तेल काही वितळेना. पांढरंच्या पांढरं कातडीवर पसरत गेलं.

"तेल कडक आसा गो," मथुरा म्हणाली.

"थंडी आसा... मी आसंय थंय."

पहिली बांगडी सुटली, दुसरी सुटली. एकही तडकली नाही. निघाली की बाई ती आपल्या हातात सरकवी आणि मनाशी मोजी. तेरा झाल्या तेव्हा तिनं दोन्ही हात वर करून हलवले. बांगड्या वाजल्या. त्या आवाजानं तिचा चेहरा असा उजळला की मथुरालाच भरून आलं.

"नाव काय तुजां?"

"आनंदी. तोंडवलीची. खाडीकडची."

"खाडीकडे घरां खंय आसत?"

"आता नाय..." ती उठली. "जा तू, कापून घे. लाजा नको, भिया नको. तुजो घोव किनाऱ्याक लागासर मी सांभाळतंय."

पंखा घरघरला. वीज आली. मथुरानं क्षणभर वर पाहिलं आणि मान खाली केली तेव्हा दारात वेनेसा ट्रॉली घेऊन उभी होती.

"अरे वा, निघाली कांकणां? कोणी काढल्यान?"

"तुमच्या मावशीन. आनंदीन."

"आनंदी? आमच्या मावशीचां नाव मारियान. आणि ती जेवूक गेली हा." पण वेनेसाला चौकशा करायला वेळ नव्हता. हिरवा गाऊन, केसांवर टोपी, पाठीमागे गाठ, फॉर्मवर सही. वेनेसा आणि आणखी एका सिस्टरनं उचलून मथुराला ट्रॉलीवर घेतलं.

ऑपरेशनच्या दाराशी विनीता धापा टाकत पोचली. मागे काशीबाई, पदर सावरत. "आये! काशीबाय इली! दी कांकणां!"

मथुरानं काशीबाईकडे पाहिलं. म्हणजे ती बाई इस्पितळाची नव्हती आणि विनीतानं पाठवलेलीही नव्हती. आणि मग तिला ते दिसलं, जे डोळ्यांसमोर असून तिनं पाहिलं नव्हतं. पहिली बांगडी चढवण्याआधी त्या बाईचे हात रिकामे होते. काच नाही, तांब्याचं वळं नाही, काही नाही. बोडके हात! दर्यात असलेल्या नवऱ्याचा चुडा मथुरानं एका विधवेच्या हातात चढू दिला होता. गावातली शेंबडी पोरसुद्धा ही चूक करणार नाही.

तिचे दात वाजायला लागले. वेनेसानं ट्रॉली थांबवली. "काय झालां? भीती वाटते? थांबायचं काय?"

थांब म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. मथुरा छताच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. तिला वाटलं, बांगड्या गेल्या त्या गेल्या. आता हे ऑपरेशनसुद्धा सोडलं तर गंगाराम परत येऊन बघणार कोणाला? आणि ती बाई काहीही असो, सांभाळते म्हणाली होती. असं म्हणताना तिचा आवाज खोटा नव्हता. माशांच्या बाजारात अठरा वर्षं काढलेल्या बाईला खोटा आवाज ओळखता येतो.

"नाय," ती म्हणाली. "ढकल."

पाठीत सुई गेली. थोड्या वेळानं पाय गेले, मग कंबर. डोळ्यांपुढे हिरवा पडदा लावला. मथुरा जागी होती, पण छातीपर्यंत थंड पाण्यात उभं असल्यासारखं तिला वाटत होतं. डॉक्टर आपसात बोलत होते, चिमटे वाजत होते. आणि त्या आवाजांच्या खालून, फार खोलातून, बांगड्यांचा आवाज येत होता. संथ नाही. कोणीतरी घाईघाईनं, जिवाच्या आकांतानं गाठ सोडवत असावं तसा. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. मग आवाज एकदम थांबला, आणि डॉक्टर म्हणाले, "निघाली."

गंगाराम शुक्रवारी सकाळी आला. उजव्या घोट्याला दोरीचा काळानिळा वळ. खाटेजवळ उभा राहून तो नुसता बायकोकडे बघत होता. तिच्या मोकळ्या मनगटांकडे नजर गेली तसा तो मटकन स्टुलावर बसला.

"काल दुपारी जाळां सोडताना दोरयेचो फास पायात अडाकलो," तो म्हणाला. "जाळ्यावांगडा मी खाली गेलंय. पोरांनी इंजिन बंद केल्यानी, पण मी खोल... डोळ्यांफुडे काळोख इलो. आणि पाण्यात, मथुरा... पाण्यात कांकणां वाजली. कोणीतरी पायातलो फास सोडवल्यान."

"किती वाजले हुते?"

"पावणेतीन असतीत."

त्यानं खिशातून रुमाल काढला. "जाळां वर घेतलां तेव्हा दोरयेत ववलेली गावली. तुजीच मां?"

हिरव्या बांगड्या. विनीतानं मोजल्या, तेरा. पण बारा सारख्या होत्या. तेरावी जाड, गडद, जुन्या घडणीची, काठाला खाऱ्या पाण्यानं खरखरीत झालेली.

"ही आमची नाय. आमची एक कमी आसा," विनीता म्हणाली.

"आनंदीची ती," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. राधाबाई छताकडे बघत बोलत होत्या. "पंचवीस वर्षां झाली. मी तेव्हा हंय आया हुतंय, ती ह्याच वॉर्डात हुती. पोटात गाठ. घोव दर्यात, म्हणान चुडो काढूक देयना. डॉक्टर दमले. चार दिस वाट बघल्यान आणि गेली. घोव तो इलोच नाय... मगे माणसां भांडत बसली. आधी तो मेलो काय ही? सवाष्ण म्हणान न्हेवची काय विधवा? शेवटाक मेलेल्या हातावर कांकणां फोडल्यानी. बारा फुटली. तेरावी कोणाक गावली नाय."

 मथुरानं हात पुढे केला, लेकीकडून तेराही बांगड्या भरून घेतल्या. तेरावी तिच्या हातात अशी बसली की मापानं घेतली असावी. ती पुढे साबणानं निघाली नाही की तेलानं.

टाके सुटले. माघ लागला. मथुराच्या ओठांना रंग आला, आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती बांगडी कायम ओली असे. पुसली की पुन्हा ओली. गंगाराम समुद्रात असतो म्हणून असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण एका सकाळी ती पायरीवर बसली होती तेव्हा गंगाराम घरातच होता, ओटीवर आडवा होऊन घोरत होता. ट्रॉलर बंदरात डागडुजीला लागलेला. आणि बांगडीतून पाणी ठिबकून पायरी भिजत होती.

तेव्हा तिला कळलं. तिनं आपला नवरा आनंदीकडे राखायला दिला होता. आणि आनंदीनं आपला तिच्याकडे. तो अजून दर्यातच होता.

तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगायचं. पण उठून पळाली नाही. पायरीवर बसूनच ती हळू म्हणाली, "येव दे तेका. किनाऱ्याक लागासर मी सांभाळतंय."

दुपारचे बारा झाले. खाडीच्या बाजूनं वाळूत होडी ओढल्याचा आवाज आला. त्या बाजूला आता कोणाची होडी नाही. बांगडी मनगटावर सैल झाली, आणि कोरडी. खाली पडू नये म्हणून मथुरानं मूठ घट्ट आवळली. अंगणात लख्ख ऊन होतं, माणूस नव्हतं. तरी वाळलेली झावळं कुरकुरली. पुढे एकाची पावलं, मागे दुसऱ्याची. पायरीशी येऊन थांबली.

मथुरानं डोळे मिटले, मूठ उघडली आणि हात पुढे केला.

गार बोटं लागली. बांगड्या वाजल्या. झावळं परत कुरकुरली, लांब गेली. ओटीवर गंगारामनं कूस बदलली. मथुरानं डोळे उघडून बांगड्या मोजल्या. तेरा, आणि तेराही तिच्या स्वतःच्या.

मनगटावर मात्र तेल लागलं होतं. पांढरं, थिजलेलं. ती तशीच हात उन्हात धरून बसली, उन्हं कलेपर्यंत. ते वितळलं नाही.