झालेत की सगळे डोस!

दर्शनाच्या कुत्रीने, बर्फीने, दोरीला हिसका दिला आणि ती थेट त्या अनोळखी माणसाच्या पायांत घुसली.

"अहो, आवरा हिला!" असं म्हणतानाही तो हसत होता. त्याच्या छातीशी अडकवलेल्या पिशवीतून एक तांबूस पिल्लू डोकं काढून बघत होतं. आखातातल्या मुसफ्फातली ती संध्याकाळ इतकी दमट होती की त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, वर पाहिलं... आणि दर्शना बर्फीला आवरायचं विसरलीच.

तो निनाद. जवळच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. कंपनीच्या बसखाली सापडलेल्या या पिल्लाचं नाव त्याने नट ठेवलं होतं. दर्शना इंडियन स्कूलमध्ये तिसरीला शिकवायची. कायमची भारतात परतलेली एक मैत्रीण जाताना बर्फीला तिच्या हवाली करून गेली होती.

"पिशवीतून फिरतो? राजपुत्र आहे वाटतं!"

"लसीचे डोस पूर्ण व्हायचेत. तोवर खाली सोडायचं नाही म्हणे. तुमच्या बर्फीचे झाले?"

एकच झाला होता. पुढचे 'बघू नंतर' म्हणत राहूनच गेले होते. पण पिल्लाला इतकं जपणाऱ्या माणसासमोर ते कसं सांगायचं?

"झालेत की सगळे!" ती म्हणाली. "सोडा ना त्यालाही... बघा कसा बघतोय बिचारा."

निनादने एकदा नटकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे... आणि हळूच पिल्लाला खाली ठेवलं. बर्फीने त्याला चाटून काढलं.

मग रोज संध्याकाळी दोघं तिथेच भेटू लागले. एके दिवशी मात्र तो आला नाही. आला तो मेसेज — 'नट ॲडमिट आहे. पार्व्हो.'

पिल्लांच्या जिवावर उठणारा हा संसर्गजन्य आजार दर्शनाला ऐकून माहीत होता. ते भेटले त्याच सुमारास बर्फीचं पोट बिघडलं होतं. उन्हामुळे असेल, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

क्लिनिकमध्ये काचेपलीकडे नट सलाइनवर निपचित पडला होता. बाकावर निनाद. समोर डॉक्टर उझमा, मूळच्या रत्नागिरीच्या.

"डॉक्टर, बर्फीला एकच डोस दिलाय," दर्शना कसंबसं बोलली. "मी खोटं सांगितलं यांना. आणि तिचं पोटही..."

निनाद उठला आणि बाहेर निघून गेला.

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचीच तिला जास्त लाज वाटली. "आईकडून मिळालेलं संरक्षण कुठल्या पिल्लात कधी संपेल, सांगता येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. पुढे बूस्टर... काही लसी दरवर्षी, काही तीन वर्षांनी."



दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅम, आर यू ओके?" दर्शनाने फळ्याकडे तोंड फिरवलं. शाळा सुटली की ती क्लिनिकमध्ये जायची. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला निनाद. तो तिच्याकडे बघायचा नाही. तिचीही हिंमत व्हायची नाही.

आणि एका दुपारी नटने बोटभर पातळ खाणं चाटलं, शेपूट हलवली. दर्शनाला रडू फुटलं.

"सॉरी," ती ओढणीत तोंड लपवत म्हणाली. "मी परत नाही येणार समोर. खरंच..."

"दर्शना." पहिल्यांदाच त्याने नुसतं नाव घेतलं होतं. "धोका मला माहीत होता. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, दुसरा कुत्रा कितीही चांगला दिसो, खाली सोडू नका. तरी सोडलं."

"का?"

तो चष्मा पुसत राहिला. "तुम्ही... तू अजून थोडं थांबावंस म्हणून. स्वतःचीच लाज वाटत होती गं. तुझ्याकडे बघणार कसा?"

"मला वाटलं, राग आलाय."

"तोही होता. थोडासा."

"आणि आता?"

"आता... बर्फीला घेऊन ये. डॉक्टर तपासतील, राहिलेले डोस कधी द्यायचे ते सांगतील. मी तिला धरीन."

"मला सुई बघवत नाही," ती पुटपुटली.

निनाद बाकावरून सरकत तिच्याजवळ आला. "मग माझ्याकडे बघ."