दुपारची दोरी

दुपारचं जेवण झालं की मी सुईत दोरा ओवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे. शर्टांच्या कारखान्यात जन्मभर बटणं लावली, निवृत्त झाल्यावरही तेच. पण आताचं काम पगाराचं नव्हतं, समोरच्या मास्तरीणबाईंचं होतं.

आमची स्वयंपाकघरं समोरासमोर. मधे खोल, अंधारा बोळ आणि त्यावरून कप्प्यांवर फिरणारी कपड्यांची दोरी, दोघींत मिळून एकच. साथ आली, दारं बंद झाली, जिन्यात कुणी खोकलं तरी काळजात धस्स व्हायचं. मग आमचं येणंजाणं त्या दोरीवरूनच. बाईंचा हात थरथरायचा, सुई धरवत नसे. बटण तुटलं की कपडा चिमट्याला लावून माझ्याकडे सरकवायच्या.

"टाकेबाई, परत तुटलं हो."

"शाळा सुटली तरी मारामाऱ्या सुटल्या नाहीत वाटतं तुमच्या?"

हसायच्या. पण मला कळायचं बरं का. ओढून तुटलेला दोरा विसविशीत असतो. यांचा कात्रीने कापलेला, साफ. बोलायला कुणी नाही म्हणून बाई आपलीच बटणं कापत होती. मी कधी बोलून दाखवलं नाही. माझी तरी गत कुठे वेगळी होती? मुलगा दूरच्या शहरात एकटा. फोनवर रोजचं ठरलेलं, "आई, जेवलीस? बाहेर जाऊ नकोस." त्यानंतर उरलेला दिवस मी आणि भिंती.

एका सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि मास्तरीणबाईंना घेऊन गेली. परत आली ती नुसती बातमी. शेवटचं तोंडही कुणाला दिसलं नाही. त्यांच्या दाराला कुलूप लागलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. हुंदका ऐकून कुणाला खोकला वाटला असता, तर मलाही उचलून नेलं असतं.

त्यानंतरच्या एका दुपारी कप्पी कुरकुरली. समोरची खिडकी बंदच होती… आणि दोरी सरकत होती. चिमट्याला बाईंचा करडा स्वेटर. ओला, साबणाचा वास येणारा. मधलं बटण नव्हतं. दोरा साफ कापलेला.

घाबरले का? घाबरले की. पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं. बटण लावलं, स्वेटर अडकवला आणि हळूच म्हटलं, "घ्या हो…" दोरी निघून गेली. मग रोज काही ना काही यायला लागलं आणि मी माणसात आले. वेळेवर जेवू लागले, वेणीफणी करू लागले. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, आधी डॉक्टरांशी बोल. त्याच्या आग्रहाखातर फोनवर डॉक्टरांशी बोलले. भला माणूस. म्हणाला, एकटेपणात असं होतं, गोळ्या देतो. घेतल्या. झोप छान लागली, आणि दोरीही येत राहिली.

मग मुलालाच ताप भरला. इस्पितळात जाताना फोनवर तोंड दाखवून गेला, त्यानंतर फोन बंद. गाड्या बंद, रस्ते बंद. जीव नुसता टांगणीला लागला.

दुसऱ्या दुपारी दोरीवरून एक निळा शर्ट आला. त्याची कॉलर मी माझ्या हाताने उलटवून शिवलेली. जाताना पोराच्या अंगावर हाच होता. गळ्याशी ओला… वरचं बटण कापलेलं.

"मास्तरीणबाई… हा नाही. हा नाही द्यायची मी." शर्ट उराशी धरून बसले. दोरीला हिसका बसला, हलकासा, विचारल्यासारखा. थोड्या वेळाने पुन्हा. मी कात्री घेतली आणि दोरीच कापून टाकली.

पोरगा वाचला. साथ ओसरल्यावर मला भेटायला आला, वाळून निम्मा झालेला. जेवायला वाढलं. घास घेता घेता म्हणाला, "वॉर्डात कुणी जवळ यायला धजत नव्हतं. एक म्हातारी तेवढी दुपारची उशाशी बसायची. हात असा थरथरायचा तिचा, पाणी पाजताना अर्धं माझ्या गळ्यावर सांडायचं. म्हणायची, आईला कळवते हं, तू एकटा नाहीस म्हणून."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. अरे देवा, तो निरोप होता. आणि मी बोलावणं समजून बसले होते.

"एक दिवस रडतच आली. म्हणाली, आता कुठे जाऊ, माझी वाटच तुटली. फार वाईट वाटलं गं मला."

"मग… तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आमच्या घरी चला."

आणि बोलता बोलता त्याने पाण्याचा पेला शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरला. पलीकडून नीट धरला जाईपर्यंत त्याने तो सोडला नाही.