हात लागला की सावड

कापूरहोळच्या फाट्यावर भोरची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली आणि अश्लेषा उलटलेल्या छत्रीशी झटत राहिली. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. मागे वेल्ह्याकडच्या दहा-बारा बायका, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी.

"भाटघरला? भाताची लावणी बघायला का?" चालवणाऱ्यानं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पांढरी सलवार घालून आलेलं माणूस बघायलाच येतंय."

ती हसली, चढली. त्याचं नाव स्वरूप. पुढे दोघांच्या मध्ये बसलेल्या फुलाबाई त्याच्या आत्या. अश्लेषा पुण्याच्या विद्यापीठात इंडोनेशियन शिकवते हे ऐकून तो चकितच झाला.

"त्याचं हितं काय काम?"

"पुस्तकात एक शब्द आहे — गोतोंग रोयोंग. सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम करायचं. मुलं पाठ करतात, पण चेहरे कोरे. म्हटलं, आपल्या सावडीवरूनच शिकवावं."

"आज तुमी माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. मजुरी न्हाई. एवढीच तर सावड."

"लगीन झालंय का गं?" फुलाबाईंचा खरा प्रश्न आला.

"तिकडे याला 'नाही' म्हणत नाहीत, मावशी. 'बलुम' म्हणतात. अजून नाही."

"बलुम..." स्वरूप गिअर टाकायचा विसरला. "आमचं बी बलुमच हाय."

स्वरूपच्या रानात बायका ओणव्या झाल्या. अश्लेषानं खूप फोटो काढले. मग कोणी म्हटलं म्हणून, निव्वळ एका फोटोसाठी, चिखलात उतरून तिनं एक ओळ लावली. वाकडीतिकडी.

"हात लागला!" फुलाबाई ओरडल्या. "स्वरूप, सावड झाली. आता तुला बाईंच्या रानात जाया लागंल."

"मावशी, माझं रान कुठंय? तिसऱ्या मजल्यावर तुळस आहे फक्त."

"जिथं काम, तितं रान," स्वरूप म्हणाला. त्याच्या कपाळावरचा चिखल पुसायला तिचा हात उठला... आणि छत्रीवर जाऊन थांबला.

पुढच्या आठवड्यात तो खरंच वर्गात आला. इस्त्रीचा सदरा, नखांत चिखल. तो सांगत होता, ती वाक्यावाक्याला इंडोनेशियनमध्ये फळ्यावर लिहीत होती. मुलांना पहिल्यांदाच त्या भाषेत विचारावंसं वाटत होतं. शेवटी मागच्या बाकावरच्या रत्नानं अडखळत विचारलंच — सावड फिटल्यावर मग?

अश्लेषानं प्रश्न मराठीत केला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"मग काय... ज्याचं त्याचं रान."

तेवढं एकच वाक्य तिनं फळ्यावर लिहिलं नाही.

व्हरांड्यात ती म्हणाली, "फिटली तुमची सावड. मी पुढच्या महिन्यात इंडोनेशियात, योग्यकर्त्याला शिकायला चाललेय. दोन वर्षं."

"लई लांब हाय का?"

"लांब आहे."

तो जिना उतरून गेला. आणि दुसऱ्या दिवशी, कुणी न बोलावता, दुसऱ्या तुकडीच्या दारात हजर!

"आज कसली सावड?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कालच्यानं माझी फिटली. आजचा दिस तुमच्यावर चढला. आता तुमाला यावं लागंल लावणीला."

"स्वरूप... दोन वर्षांनी?"

"सावडीला मुदत नसती. फकस्त माणूस यावं लागतं. दुसरं कुणी धाडून चालत न्हाई."

तिला हसायचं होतं. डोळ्यांनी ऐकलं नाही.

योग्यकर्त्याबाहेर भाताची खाचरं अगदी भाटघरसारखी. तसाच ओल्या चिखलाचा वास. वर्गातल्या मैत्रिणी चिखलात उतरल्या, तिलाही हाका मारू लागल्या. ये ना, एक ओळ तरी लाव!

अश्लेषा बांधावर उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, घट्ट धरलेले. आधीची एक सावड बाकी होती तिची.

"बलुम," ती म्हणाली.