चाळीस रिकाम्या नळ्या

"चाळीस नळ्या द्या. रस नको."

वरवट बकालच्या रसवंतीवर मी असं म्हटलं, तेव्हा चरकाशी उभा असलेला तरुण ऊस हातात धरून बघतच राहिला. मार्चचं ऊन, पाठीवर जड सॅक आणि मी आधीच चिडलेली… कारण नळ्यांचा गठ्ठा बुलढाण्याला कॉलेजातच विसरून आले होते.

"निस्त्या नळ्या?" तो म्हणाला. "मॅडम, रसात काई खोट हाय का?"

"रस चांगलाच असेल. मला नळ्यांत झाडं ठेवायचीत."

तो हसला. त्याच्या भुवईवर उसाचा एक बारीक तंतू अडकला होता. तो काढून टाकावा असं मला उगाचच वाटलं.

मग मी त्याला माझं पोकळ गिरमिट दाखवलं. खोडात फिरवलं की पेन्सिलीपेक्षा बारीक काडी निघते, झाडाला फारशी इजा होत नाही. काडीवर प्रत्येक वर्षाची एक रेघ असते. वर्ष सुखाचं गेलं तर रुंद, हालाचं गेलं तर अरुंद. काडी मोडू नये म्हणून कागदी नळीत ठेवायची. खडी फोडणाऱ्या गिट्टी क्रशरची धूळ झाडांचं काय करते, तो माझ्या अभ्यासाचा विषय.

त्याचं हसू थांबलं.

"म्हंजे कोन्त्या साली काय झालं, ते झाड सांगते?"

"सांगतं."

"मंग माही साक्ष काढा न मॅडम."

"महामाया," मी म्हटलं. "मॅडम नको."

त्याचं नाव संघपाल. त्याचे वडील भाऊराव यांनी शेताच्या दोन बांधांवर दहा-दहा साग लावले होते. सात वर्षांपूर्वी श्रावण-भाद्रपद कोरडे गेले, तेव्हा भाऊराव पाय मोडून खाटेवर होते आणि झाडांना पाणी द्यायचं काम संघपालकडे होतं. दिवाळीत काठी टेकत ते शेतात गेले. विहिरीजवळचे पश्चिमेचे साग हिरवे, लांबचे पूर्वेचे दुरूनच करपलेले दिसले; टोकापर्यंत ते गेलेच नाहीत! पोरानं लांब जायचा कंटाळा केला, असा निकाल त्यांनी तिथंच दिला. त्यानंतर भरवशाचं एकही काम त्याच्या हाती दिलं नाही. आता ते पूर्वेचे खुरटे साग येत्या सोमवारी तोडले जाणार होते.

"तिकडं ज्यादा पानी नेलं मी. सायकलले कॅन बांधून. पन कोन आयकते?"

"झाड कुणाची बाजू घेत नाही," मी बजावलं. "उलटं निघालं तर?"

"निंगालं त निंगालं," तो म्हणाला. "पन एक डाव पाहून त घ्या…"

त्यानं रसवंती बंद केली. चांगली चालू रसवंती, भर दुपारी!

पूर्वेच्या बांधापलीकडे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे क्रशर धडधडत होतं. साग निष्पर्ण होते, पण खाली पडलेल्या पानांवर पिठासारखी राखाडी धूळ बसलेली. मी गिरमिट फिरवत होते, तो नळ्यांवर लिहीत होता… पूर्व एक, पूर्व दोन. अक्षर मात्र माझ्यापेक्षा सुंदर. मेल्यानं हे आधी सांगायला नको?

पहिली काडी मी त्याच्या तळहातावर ठेवली. तो श्वासही हळू घेऊ लागला.

"आमचं शेत हाय याच्यात?"

"शेत, पाऊस, ऊन. तुम्ही विसरलात तेही."

"बाप्पा…" एवढंच म्हणाला तो, आणि काडीकडे बघत राहिला. मी आजवर दोनशे काड्या काढल्या होत्या. पण आपण हातात काय धरतो, ते मला त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

रविवारी सगळ्या काड्या पट्ट्यांवर चिकटवून, घासून मी त्यांच्या अंगणात हजर झाले.

"जय भीम, काका," म्हणत भाऊरावांच्या हाती भिंग दिलं. "ही पश्चिमेची झाडं. दुष्काळातली रेघ बघा, बरी आहे. ही पूर्वेची. क्रशर आल्यापासून रेघा बारीक होत गेल्यात. धुळीनं पानांचा श्वास कोंडतो, झाड पोटभर जेवत नाही. अशा अर्धपोटी झाडाला दुष्काळात पाणी दिलं तरी ते तग धरत नाही."

"पानी देल्लं, हे कोनं पाह्यलं?" भाऊराव म्हणाले.

मी दहावी काडी पुढं केली. बांधाच्या पार टोकाचं झाड. दुष्काळातली त्याची रेघ पश्चिमेच्या झाडांइतकी रुंद होती! नळीवरचं नाव मी तीनदा तपासलं होतं.

"पाण्यावाचून अशी रेघ येत नाही, काका. संघपाल, याला वेगळं काय केलं होतं?"

तो जमिनीकडे बघू लागला. "फवारनीच्या पंपानं… त्याचे पानं धूत होतो. दर आठोड्याले. त्याखाली अभ्यासाले बसत होतो न मी."

"एकालेच काऊन धुतलं बे?" भाऊरावांनी विचारलं.

"बाकीच्यायले पानी पाजल्यावर तितकंच उरे, बाबा."

भाऊरावांनी भिंग सरकवत दोन्हीकडच्या रेघा ताडून पाहिल्या. "म्हंजे शेवटच्या झाडापर्यंत पानी गेलतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "सोमवारी येनाऱ्याले नको म्हन. पानं फुटले की पंप मले भरून दे. नऊ झाडं माह्याकडं राह्यले." आणि डोळे पुसत आत निघून गेले.

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पट्ट्या आवरू लागले. तेवढ्यात संघपालनं एक रिकामी नळी पुढं धरली. तिच्यावर त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं… पूर्व दहा, पुढलं साल.

"हे रेघ पाह्याले येशीन न?"

'तुम्ही' कधी गळून पडलं कोण जाणे!

"एक रेघ एवढीशी असते," मी म्हटलं. "ही नळी भरायला ठाऊक आहे किती वर्षं लागतील?"

"किती?"

मी बोटानं मोजलं. "चाळीस."

"चालते मले," तो म्हणाला.

त्याच्या भुवईवर आजही उसाचा तंतू होता. या वेळी मी तो काढला.