सुनबाई डॉक्टर

सासऱ्यांना तपासायची वेळ आली तेव्हा हेमलताने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मगच कानातलं यंत्र सुरू केलं.

शेंगदाण्याएवढ्या त्या यंत्राला लोक कानवैद्य म्हणत. रुग्णाचा श्वास आणि नाडी ते ऐकायचं, काय विचारायचं ते कानात सांगायचं आणि उत्तरांवरून औषध सुचवायचं. तापाच्या साथीत डॉक्टर पुरेनात, म्हणून सरकारने परवान्याची अटच उठवली होती. कानवैद्य घालील तो डॉक्टर! शिवणक्लास चालवणारी हेमलता अशी नागझरीची डॉक्टर झाली.

"आता सुनेले जीभ दाखवायची?" तापाने पडलेले पुंजाजी खाटेवरून म्हणाले.

"दाखवा मामाजी. रोज नुसती ऐकतेच, आज पाहते!"

पडवीत ताटकळलेले रुग्णही हसले.

"लघवीतून रक्त जातं का, विचारा," कानवैद्य म्हणाला.

हेमलताने जमिनीकडे पाहत विचारलं. पुंजाजींनी आढ्याकडे पाहत सांगितलं, "छे! सगळं ठीक आहे."

"आवाज अडखळला. पुन्हा विचारा."

पुन्हा? सासऱ्यांना? "माझी खात्री आहे," ती पुटपुटली. यंत्राने तिचा शब्द मानला आणि मूत्रपिंडं धड असतील तरच झेपणारं औषध सुचवलं. तिने ते दिलं.

दोन दिवसांत पुंजाजींचं तोंड सुजलं, लघवी बंद झाली. त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवलं. हेमलता पडद्याबाहेर उभी राहिली. आतला तरुण डॉक्टर कुठला कोण, झोपेविना डोळे लाल झालेला. त्याने तोच प्रश्न एकदाच विचारला.

"जाते ना जी रक्त. पोळ्यापासून जाते," पुंजाजी क्षीण आवाजात म्हणाले.

"मग गावात सांगितलं नाही?"

"गावात डॉक्टर माही सूनच आहे, साहेब. तिले कसं सांगू?"

डॉक्टर बाहेर आला. "मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. प्रयत्न करतो, पण भरवसा देत नाही. हे औषधाआधी कळायला हवं होतं."

हेमलताला त्याच्याकडे मान वर करून पाहवेना.

"नागझरीत रुग्ण थांबले आहेत," कानात तोच शांत आवाज आला. "निघायचं का?"

तिच्या डोळ्यांपुढे पडवी आली. तिथे दीर होते, चुलतसासरे होते, तिला काकू म्हणणारी शेजारची लाजरी पोर होती. कुणाला काय विचारायचं, ते यंत्र बिनचूक सांगणार होतं. पण त्यांच्यापैकी तिला खरं सांगणार कोण?