गडगडी बोलेना!

"एकशे सत्तेचाळीस!" भोंगा कुजबुजला.

आता भोंग्याची कुजबुज म्हणजे तीन गल्ल्यांपलीकडे कपडे वाळत घालणारी माणसंसुद्धा दचकून चिमटे खाली पाडतात! शेडमध्ये कप्तान घामाघूम होऊन मोटरसायकलवर उभी होती. तिनं दात-ओठ खाऊन पुन्हा किक मारली.

खुस्स...

"एकशे अठ्ठेचाळीस!"

"तू मोजणं बंद कर, नाहीतर पुढची किक तुला!" कप्तान भडकली.

कप्तान तेरा वर्षांची. हुकूम सोडायची सवय तिला पाळण्यापासून. भोंगा तिचा धाकटा भाऊ. आणि कोपऱ्यात उपड्या बादलीवर बसून चष्मा पुसतोय तो त्यांचा चुलतभाऊ, प्रोफेसर. चष्मा पुसल्याशिवाय त्याचं डोकं चालत नाही. तिघंही सुट्टीला काका आणि आत्या राहतात त्या घरी आले होते.

मोटरसायकल आत्याची. तिचं नाव गडगडी. आत्या जनावरांची डॉक्टर. टेकड्यांपलीकडच्या बारा वस्त्यांवर ती गडगडीवरून जायची. गडगडीचा आवाज आला, की तिकडच्या गाई आपण होऊन रांगेत उभ्या राहायच्या. इंजेक्शनला भिणारा एक बैल तर आजारपणाचं सोंग टाकून थेट कामालाच लागायचा! खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा.

पण दोन वर्षांपूर्वी एका घोडीनं लाथ मारली आणि आत्याचा डावा पाय मोडला. दोन ऑपरेशनं झाली. गडगडी शेडमध्ये गेली ती गेलीच. आता पाय बरा झाला होता, पण आज चार वाजता आत्याच्या ऑफिसातले मोठे साहेब येणार होते. चालू गाडी दाखवली तर बारा वस्त्या परत आत्याकडे. नाही दाखवली तर उद्यापासून टेबल, खुर्ची आणि फायली.

"खुर्चीवर बसलेली आत्या!" भोंगा म्हणाला. "पिंजऱ्यातला वाघ बरा!"

आत्या सकाळपासून काहीच बोलली नव्हती. नुसती स्वयंपाकघरात तीच ती कपबशी पुसत होती. तेच तिघांना बघवत नव्हतं.

"मिस्त्री तर म्हणाले, इंजिन जाम झालंय," प्रोफेसर म्हणाला.

"जाम झालं असतं तर किक खाली गेली असती का?" कप्तान म्हणाली. "ती तर आरामात जातेय! मिस्त्रींनी गाडी उघडून तरी पाहिली का?"

"छे! खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. लांबूनच म्हणाले, गेली!"

कप्तानच्या डोळ्यांत चमक आली. "चला, त्यांना उठवू!"

कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिस्त्री पोटावर हात ठेवून पेंगत होते.

"मिस्त्रीकाका," कप्तान साळसूदपणे म्हणाली, "हा प्रोफेसर म्हणतो की ठिणगी आहे की नाही हे नुसतं बघून ओळखणारा माणूस जगात नाही. मी म्हटलं, आमचे मिस्त्रीकाका ओळखतात!"

"ओळखतोच! त्या गाडीत ठिणगी नाही," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

"आहे!" प्रोफेसर म्हणाला.

"नाही म्हणतो ना! काल चष्मा लागलेला पोरगा मला शिकवतोय! चल, दाखवतोच तुला!"

आणि मिस्त्री उठले! त्या खुर्चीला इतकं नवल वाटलं, की बिचारी मागच्या मागे कोलमडली.

शेडमध्ये येऊन त्यांनी आधी टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. त्याला जुन्या वार्निशासारखा वास येत होता. "दोन वर्षांचं शिळं पेट्रोल! यावर बैलगाडीसुद्धा चालणार नाही!" त्यांनी डबा पार अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला. कार्बोरेटर उघडला, त्यातल्या बारीक छिद्रांत साचलेला डिंकासारखा चिकटा साफ केला आणि गॅरेजातून ताजं पेट्रोल आणून घातलं. मग प्लग काढून पुसला, लोखंडाला टेकवून धरला.

"मार किक!"

कप्ताननं किक मारली. चट्! निळी ठिणगी!

मिस्त्रींनी प्लगकडे पाहिलं, प्रोफेसरकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "आहे की ठिणगी," ते हळूच म्हणाले.

पण प्लग बसवून पन्नास किका मारल्या तरी गडगडी गप्प! मिस्त्रींनी प्लग पुन्हा काढला. पेट्रोलनं चिंब भिजला होता.

"आता मात्र माझी अक्कल संपली," मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाले.

सव्वातीन झाले होते. प्रोफेसर चष्मा इतक्या जोरात पुसत होता, की काच पातळ होते की काय असं वाटावं.

"पेट्रोल आहे. ठिणगी आहे. तरी पेटत नाही. जळत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला तर ती का विझते?"

"कारण मेणबत्ती वाया घालवली म्हणून आई ओरडते!" भोंगा म्हणाला.

"हवा! गडगडीला हवा मिळत नाहीये! मिस्त्रीकाका, ही श्वास कुठून घेते?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "एअर फिल्टर!"

बाजूचं झाकण उघडलं, आणि सगळे थक्क झाले. फिल्टरच्या तोंडात फुलाफुलांच्या कापडाचा गुबगुबीत बोळा ठासून बसवला होता! कडेनं सुबक टाके, मधोमध चक्क एक बटण!

"उंदराचं घर?" मिस्त्रींनी विचारलं.

"उंदीर बटण लावत नाहीत," प्रोफेसर म्हणाला.

"आणि हे कापड आपल्या सोफ्याचं आहे!" कप्तान म्हणाली. "भोंग्या, काकांना हाक मार!"

भोंग्यानं हाक मारली. काकांसोबत शेजारचे चारजणही धावत आले.

काकांचा धंदा गाद्या आणि सोफे बनवायचा. मऊ नाही अशी वस्तू त्यांना बघवतच नसे. घरातल्या चमच्यांच्या खणालासुद्धा त्यांनी गादी शिवली होती. बोळा पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा कुठे सापडला? मीच शिवला होता! गाडी ठेवली तेव्हा वाटलं, उंदीर आत शिरतील. काय बसवलाय बघा, हवासुद्धा जाणार नाही!"

"तेच तर झालंय, काका!" तिघंही ओरडले.

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. ते मटकन बादलीवर बसले. "म्हणजे... माझ्यामुळे? तिची गाडी मीच..."

"काका, रडायला नंतर वेळ देऊ," कप्तान म्हणाली. "आणखी काय काय बंद केलंत?"

"काही नाही गं. एवढंच. बहुतेक."

मिस्त्रींनी प्लग पुसून परत बसवला, तोच फाटकापाशी जीप थांबली. चारला पाच मिनिटं होती. मोठे साहेब काळा कोट सावरत शेडकडे आले. मागून आत्या, हातात अजून ती कपबशी.

"डॉक्टरबाई, गाडी चालू आहे ना?" साहेब थेट गडगडीच्या मागेच येऊन उभे राहिले.

कप्ताननं श्वास रोखला आणि किक मारली.

घर्रर्र... धडाम!!

सायलेन्सरमधून तोफेच्या गोळ्यासारखा दुसरा बोळा सुटला, साहेबांच्या कोटाच्या तिसऱ्या बटणावर आपटला आणि फुटला! पार शेजारच्या छपरापर्यंत कापूसच कापूस! साहेब तर नखशिखांत मेंढी झाले! आणि त्या पांढऱ्या ढगात गडगडी गडगडत होती... धडधड, धडधड, धडधड!

"हां, एक तिथेही होता," काका पुटपुटले.

साहेबांनी मिशीतला कापूस काढला. "गाडी सुरू झाली हे... अं... जाणवलं," ते म्हणाले. "पण चालवणार कोण? तुमचा पाय..."

आत्यानं कपबशी काकांच्या हातात दिली आणि हँडल धरलं. काका पुढे झाले. "नको वाटलं तर राहू दे हं. घाई नाही."

"दादा, बाजूला हो. आणि माझ्या पायाला गादी शिवू नकोस!" आत्या म्हणाली. आज पहिल्यांदाच ती धड बोलली होती!

तिनं सीटवर बसून क्लच सोडला आणि गडगडी फाटकाबाहेर गेली.

"कोपऱ्यावरून वळून येईल," काका म्हणाले.

पाच मिनिटं झाली. वीस झाली. साहेबांचे दोन चहा झाले. भोंगासुद्धा खरंच हळू आवाजात म्हणाला, "पडली तर नसेल ना?" मिस्त्री तर स्वतःहून उठून फाटकात जाऊन उभे राहिले होते.

पाऊण तासानं टेकडीकडून धडधड ऐकू आली. आत्या आली. केस पिंजारलेले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, गालावर चिखल, आणि हसू असं की रस्ता अपुरा पडावा!

"माफ करा साहेब, उशीर झाला! आवाज ऐकून पहिल्याच वस्तीवरची माणसं रस्त्यात आडवी आली. शेळी अडली होती. तीन पिल्लं! तिन्ही ठणठणीत!"

साहेबांनी कागद काढला, गडगडीच्या सीटवर ठेवला आणि सही केली. "बारा वस्त्या तुमच्याच, डॉक्टरबाई. आणि ही गाडी बोलती केली कोणी?"

"यांनी!" मिस्त्री तिघांकडे बोट दाखवून म्हणाले. "मी नुसता पाना धरला होता."

काकांनी प्रोफेसरला उचलून मिठी मारली, तेव्हा त्याचा चष्मा वाकडा झाला. साहेबांनी कप्तानशी मोठ्या माणसासारखा हात मिळवला. आणि आत्या गाडी बंद न करताच म्हणाली, "उतरू की नको? शेळीला आणि पिल्लांना अजून एकदा बघून यायचंय. कोण येतंय मागे?"

"मीऽऽऽ!" भोंगा ओरडला.

टेकडीपलीकडे, असं म्हणतात, उरलेल्या अकरा वस्त्यांमधल्या गाई त्या एका आरोळीनंच रांगेत उभ्या राहिल्या.